मॉन्टेव्हिडिओचे मैदान: सहा महिन्यांची तयारी आणि सोळा दिवसांचा प्रवास

माझे सासरे, आमचे मामंजी, ऐन उमेदीत कोल्हापुरातील एका पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळत. गुडघा गेल्यावर त्यांचे खेळणे थांबले, पण शाहू स्टेडियमवर सामना असला की ते जेवणाची वेळ पुढे ढकलत. विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापूरच्या गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. मामंजी मात्र नेहमी सांगत की, पहिला विश्वचषक या दोघांपैकी कोणीच जिंकला नव्हता, तो उरुग्वेने जिंकला, आणि अंतिम सामन्यातला शेवटचा गोल एका हाताचा पंजा नसलेल्या खेळाडूने केला. ते मैदान उरुग्वेच्या राजधानीत, मॉन्टेव्हिडिओत, अजून उभे आहे, हेही ते सांगत. त्यांना तिथे जाता आले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बातमी आली की, २०३० च्या विश्वचषकाचा शताब्दी सामना त्याच मैदानावर होणार आहे, आणि माझ्या नणंदबाई मला म्हणाल्या, "वहिनी, गर्दी व्हायच्या आधी आपण दोघी जाऊन येऊ या का?" त्या वेळी त्या ६१ वर्षांच्या होत्या आणि मी ५४ वर्षांची. आम्हा दोघींनाही स्पॅनिश येत नव्हते आणि वन्सं पूर्ण शाकाहारी आहेत.

उरुग्वेबद्दल मराठीत फार कमी माहिती मिळते, म्हणून आमचा क्रम इथे तपशिलाने लिहीत आहे. यातील नियम २०२४ मधले आहेत. जाणाऱ्यांनी दूतावासाकडून ते पुन्हा विचारून घ्यावेत.

मे २०२४ मध्ये आम्ही कागद गोळा करायला बसलो. आम्हाला व्हिसा दिल्लीतील उरुग्वेच्या दूतावासाकडून घ्यायचा होता. भरलेला अर्ज, छायाचित्रे, दिवसवार आराखडा, राहण्याची आरक्षणे, येण्याजाण्याच्या तिकिटांचे आरक्षण, सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, आयकराची विवरणपत्रे, वन्संचे निवृत्तिवेतनाचे कागद, प्रवासविमा आणि आम्ही का जात आहोत हे सांगणारे एक पानी पत्र, एवढे सगळे आम्ही २ जुलैला ईमेलने पाठवले. ११ जुलैला दोन त्रुटी कळवण्यात आल्या: बँकेच्या उताऱ्यावर शाखेचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही नव्हती, आणि छायाचित्रांचा आकार चुकला होता. संगणकावरून काढलेला उतारा चालतो असे शाखेत ठामपणे सांगितले गेले होते आणि मी ते मान्य केले, त्यामुळे आमचे जवळजवळ तीन आठवडे गेले. शिक्का असलेलाच उतारा मागून घ्यावा, आणि छायाचित्र काढण्यापूर्वी दुकानदाराला मिलिमीटरमधील माप लिहून द्यावे, हे माझे पहिले सांगणे.

आम्हाला ९ ऑगस्टची वेळ मिळाली. ६ तारखेच्या मंगळवारी कोल्हापूरहून निजामुद्दीनला जाणाऱ्या साप्ताहिक गाडीने आम्ही निघालो. दूतावासातील काम पाऊण तासात आटोपले. अधिकारीबाईंनी आमचे पत्र वाचले, मामंजींबद्दल दोन प्रश्न विचारले आणि सांगितले की कागद मॉन्टेव्हिडिओला स्थलांतर खात्याकडे जातील, उत्तर तिथून येईल, आणि त्याला किती दिवस लागतील हे सांगता येणार नाही. हा काळ मला सर्वांत जड गेला. विमानाचे भाडे वाढत होते आणि व्हिसा हातात नसताना तिकीट घेण्याची आमची हिंमत नव्हती. रोज सकाळी वन्संचा फोन यायचा, "काही आलं का?" मंजुरीचे पत्र १३ सप्टेंबरला आले आणि पासपोर्ट २० सप्टेंबरला कुरियरने घरी पोहोचले. अर्ज पाठवल्यापासून एकूण ऐंशी दिवस लागले. दिल्लीचा प्रवास, तिथला मुक्काम, व्हिसाचे शुल्क आणि कुरियर धरून दोघींचा खर्च अडतीस हजार रुपयांच्या आसपास झाला.

त्यानंतर पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, लसीचा प्रश्न आला. उरुग्वे पीतज्वराच्या देशांत मोडत नाही, त्यामुळे ही लस नको असे आम्हाला वाटत होते. पण आमचे विमान आदिस अबाबा आणि साओ पावलो मार्गे जाणार होते, आणि इथिओपिया व ब्राझील हे दोन्ही देश त्या यादीत आहेत. अशा देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे भारतात उतरताना लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. १ ऑक्टोबरला पुण्यातील एका सरकारमान्य केंद्रात आम्ही लस घेतली. एका कुपीतून अनेकांना लस दिली जात असल्याने केंद्रांचे वार ठरलेले असतात आणि आधी नाव नोंदवावे लागते. वय साठीच्या पुढे असेल तर या लसीबाबत अधिक काळजी घेतात, म्हणून वन्संनी आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी सोबत नेली होती. ती मागितली गेली. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते आणि आता ते आयुष्यभर चालते. प्रमाणपत्राचे हे पिवळे पुस्तक पासपोर्टबरोबरच ठेवावे.

तिकिटे दरडोई एक लाख बावन्न हजारांना पडली. थोडे स्वस्त पडत होते म्हणून साओ पावलोपासून पुढचे तिकीट वेगळे काढण्याचा मोह झाला होता, पण तसे केले असते तर सामान घेण्यासाठी ब्राझीलमध्ये प्रवेश करावा लागला असता आणि त्यासाठी ब्राझीलचा व्हिसा लागला असता. मुंबईपासून मॉन्टेव्हिडिओपर्यंत एकच तिकीट असावे आणि सामानाच्या चिठ्ठीवर शेवटचे ठिकाण लिहिले आहे ना, हे मुंबईतच पाहून घ्यावे.

१० नोव्हेंबरच्या पहाटे आम्ही मुंबई सोडली. मॉन्टेव्हिडिओच्या काररास्को विमानतळावर उतरलो तेव्हा तिथे ११ तारीख लागून दोन तास होऊन गेले होते. भारताचे घड्याळ तिथल्यापेक्षा साडेआठ तास पुढे असते. तपासणीच्या खिडकीवरच्या तरुणाने व्हिसा पाहिला, राहण्याचा पत्ता विचारला आणि शिक्का मारला. ज्या क्षणाची मी सहा महिने धास्ती घेतली होती, तो दोन मिनिटांत संपला.

हा देश किती लहान आहे, याची कल्पना आकड्यांनी येते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ७६ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक. लोकसंख्या मात्र ३५ लाखांच्या आसपास आहे आणि आमच्या एकट्या कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच ३८ लाखांवर होती. त्या ३५ लाखांतले तेरा लाखांच्या आसपास लोक राजधानीत राहतात. त्यामुळे शहराबाहेर पडले की कुरणे आणि गुरेच दिसतात. गुरांची संख्या माणसांच्या तिपटीहून अधिक आहे.

पोसितोस भागात आम्ही स्वयंपाकघर असलेली छोटी सदनिका घेतली होती. दोन गल्ल्या ओलांडल्या की रांब्ला, म्हणजे पाण्याच्या कडेने वीस-बावीस किलोमीटर जाणारा रस्ता. समोरचे पाणी समुद्रासारखे दिसते, पण ती रिओ दे ला प्लाता नदीची खाडी आहे आणि वारा कुठला आहे त्याप्रमाणे पाण्याचा रंग कधी तपकिरी, कधी हिरवट होतो. संध्याकाळी साऱ्या शहराचे लोक तिथे येऊन बसतात. प्रत्येकाच्या काखेत गरम पाण्याचा थर्मास आणि हातात माते या वनस्पतीच्या चुऱ्याने भरलेले भोपळ्याचे भांडे असते. धातूच्या नळीने तो कडू काढा ओढायचा आणि भांडे परत पाणी ओतणाऱ्याच्या हाती द्यायचे. शेजारच्या बाकावरील आजींनी आम्हाला भांडे पुढे केले. मी एक फेरी झाल्यावर सवयीने "ग्रासियास" म्हणाले, तेव्हा त्यांनी मला पुढच्या फेरीतून वगळले. मातेच्या बैठकीत धन्यवाद म्हणणे म्हणजे आता पुरे असे सांगणे, हे त्यांनी हातवाऱ्यांनी समजावले. नळीने चुरा ढवळायचा नसतो, हेही तेव्हाच कळले.

भाषेचे थोडे सांगते. आम्ही चार महिने मोबाइलवर स्पॅनिश शिकलो होतो आणि रस्त्याला 'काये' म्हणतात असे पाठ केले होते. इथे तो शब्द 'काशे' असा ऐकू येतो. ही एक खूण कळल्यावर अर्धे बोलणे उलगडू लागले. 'बरं', 'ठीक', 'झालं' या सगळ्यांसाठी लोक नुसते 'ता' म्हणतात. वन्संना तो शब्द इतका आवडला की त्या अजूनही फोन ठेवताना 'ता' म्हणतात.

पैशांबाबत सांगायचे तर, उरुग्वेचा पेसो आम्हाला भारतात मिळाला नाही. आम्ही डॉलर नेले आणि १८ दे हुलिओ या मुख्य रस्त्यावरील बदली केंद्रांत गरजेपुरते बदलून घेतले. त्या वेळी एक पेसो साधारण दोन रुपयांना पडत होता, त्यामुळे हिशोब सोपा झाला. एटीएममधून पैसे काढल्यावर दर वेळी बरेच शुल्क कापले गेले, म्हणून ते आम्ही एकदाच केले. शहरातील बसचे भाडे पन्नास पेसोंच्या आसपास होते. देश महाग आहे, हे आधीच मनाशी धरून जावे. साध्या उपाहारगृहातील दोघींचे जेवण अठराशे ते दोन हजार रुपयांच्या खाली जात नव्हते.

खाण्याची चिंता सर्वांत मोठी होती आणि ती काही अंशी खरी ठरली. इथे जेवण म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेले गोमांस; बंदराजवळच्या १८६८ च्या जुन्या बाजाराच्या लोखंडी छताखाली तर दुसरे काही दिसतच नाही. वन्सं दारापर्यंत आल्या आणि बाहेर थांबल्या. पण तिसऱ्या दिवशी आम्हाला 'फायना' सापडला. हरभऱ्याच्या पिठाचे पातळ मिश्रण ताटात ओतून भट्टीत भाजतात, वरून मिरपूड घालतात आणि पिझ्झाच्या तुकड्यावर ठेवून खातात. पहिला घास घेताच वन्सं म्हणाल्या, "वहिनी, ही तर आपली पिठल्याची वडीच की!" पिझ्झाच्या जवळजवळ प्रत्येक दुकानात तो मिळतो. मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. बेकरीतील खारी-बिस्किटांसारख्या पदार्थांत आणि 'तोर्ता फ्रिता' नावाच्या तळलेल्या पुरीत बहुधा गाईची चरबी असते, आणि वरून ते काही कळत नाही. 'ग्रासा' म्हणजे चरबी हा एक शब्द पाठ ठेवावा आणि दर वेळी विचारावा. आम्ही रविवारी त्रिस्तान नार्वाहा या रस्त्यावरच्या बाजारातून भाज्या आणल्या, दुकानातून मसूर घेतला आणि सोबत नेलेल्या बंद पाकिटातील मसाल्यावर रात्रीची आमटी केली.

मैदानावर आम्ही १३ नोव्हेंबरला, बुधवारी सकाळी गेलो. एस्तादिओ सेंतेनारिओ हे नाव देशाच्या पहिल्या राज्यघटनेच्या शताब्दीवरून पडले. ती घटना १८ जुलै १८३० ची, आणि मैदानावरचा पहिला सामनाही १८ जुलै १९३० रोजीच झाला. वास्तुविशारद हुआन आंतोनिओ स्कास्सो यांनी ते आखले आणि वर्षाच्या आत उभे केले. तरी स्पर्धा १३ जुलैला सुरू झाली तेव्हा काम पुरे झाले नव्हते आणि सुरुवातीचे सामने शहरातील लहान मैदानांवर खेळवावे लागले. १८ तारखेच्या सामन्यात उरुग्वेने पेरूला १–० असे हरवले. तो गोल एक्तोर कास्त्रो यांनी केला. लहानपणी यांत्रिक करवतीखाली उजवा हात कोपराखाली तुटलेले कास्त्रो. ३० जुलैच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाविरुद्धचा चौथा आणि शेवटचा गोलही त्यांचाच, निकाल ४–२. मामंजींनी सांगितलेले शब्दशः खरे होते. त्यांना हे कुठून कळले होते, ते आता विचारायला कोणी नाही.

मैदानाखालच्या संग्रहालयात प्रवेशशुल्क देऊन आम्ही दोन तास होतो. जुने पोशाख, बूट, पिवळी पडलेली छायाचित्रे. त्या अंतिम सामन्यात कोणता चेंडू वापरायचा यावर दोन्ही संघांचे जमेना, म्हणून पहिल्या अर्ध्यात अर्जेंटिनाचा आणि दुसऱ्या अर्ध्यात उरुग्वेचा चेंडू वापरला गेला. अर्ध्या वेळेला अर्जेंटिना २–१ ने पुढे होता. तिथून एक दार प्रेक्षागृहात उघडते. मैदान नव्या मैदानांसारखे झगमगीत नाही. काँक्रीट उन्हापावसाने काळवंडले आहे आणि पायऱ्या रुंद, उघड्या आहेत. एका बाजूला शंभर मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. गोलांच्या मागील दोन प्रेक्षागृहांची नावे कोलोम्ब आणि आम्सतरदाम अशी आहेत, कारण १९२४ चे ऑलिंपिक सुवर्णपदक उरुग्वेने पॅरिसजवळच्या कोलोम्बला आणि १९२८ चे अॅमस्टरडॅमला जिंकले. वन्सं पायरीवर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून मामंजींचा तालमीच्या संघाबरोबरचा फोटो काढून मांडीवर ठेवला. आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. साफसफाई करणाऱ्या गृहस्थांनी तो फोटो पाहिला, खेळाडू मोजले आणि बोटाने विचारले की यातले तुमचे कोण. वन्संनी दाखवले. त्यांनी आपली टोपी काढली.

दोनच दिवसांनी, १५ तारखेला, त्याच मैदानावर उरुग्वे आणि कोलंबिया यांचा विश्वचषक पात्रता सामना होता. तिकिटे ऑनलाइन विकली जात होती, पण आम्ही उशिरा पाहिले आणि ती मिळाली नाहीत. मैदानावर जायचे असेल तर देशाच्या संघाचे आणि स्थानिक संघांचे वेळापत्रक पाहूनच प्रवासाच्या तारखा ठरवाव्यात. आम्ही तो सामना कोपऱ्यावरच्या खानावळीत दूरदर्शन संचावर पाहिला. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत कोलंबियाने बरोबरी साधली तेव्हा सगळी खानावळ गप्प झाली, आणि त्यानंतर काही मिनिटांत उरुग्वेने ३–२ असा विजय मिळवला. त्या रात्री अनोळखी बायकांनी आम्हा दोघींना मिठ्या मारल्या.

१८ नोव्हेंबरला आम्ही त्रेस क्रुसेस बसस्थानकावरून कोलोनिया देल साक्रामेंतोला गेलो. सुमारे १८० किलोमीटरचे अंतर पावणेतीन तासांत पार होते आणि भाडे माणशी सहाशे पेसोंच्या आसपास पडले. बहुतेक पर्यटक तिथे ब्यूनोस आयरीसहून बोटीने येतात आणि संध्याकाळी परततात. आपल्याला तो मार्ग हवा असेल तर अर्जेंटिनाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. आमच्याकडे तो नव्हता. पण आम्ही दोन रात्री राहिलो आणि त्याचा फायदाच झाला, कारण दिवसाची गर्दी उतरल्यावर हे गाव खऱ्या अर्थाने दिसते. पोर्तुगिजांनी १६८० मध्ये ते वसवले, पुढे शंभर वर्षे ते पोर्तुगीज आणि स्पॅनिश यांच्यात हात बदलत राहिले, आणि म्हणून तिथे दोन्ही धाटणींची घरे शेजारीशेजारी आहेत. १९९५ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. फरसबंदी ओबडधोबड आहे; गुडघे दुखत असतील तर जाड तळाचे बूट न्यावेत. पोर्तुगीज कौलांची ती बुटकी घरे पाहून वन्संना पणजीच्या फोंतेन्यासची आठवण आली, आणि ती अगदी योग्य होती.

काबो पोलोनिओला जावे की नाही यावर आमचे एकमत नव्हते. अटलांटिकच्या काठावरील या वस्तीत विजेच्या तारा पोहोचलेल्या नाहीत, आणि मुख्य रस्त्यापासून वाळूच्या टेकड्यांमधून सुमारे सात किलोमीटर उंच चाकांच्या उघड्या ट्रकमधूनच जावे लागते. २१ तारखेला आम्ही मॉन्टेव्हिडिओहून जवळजवळ पाच तासांचा बसप्रवास करून गेलो. ट्रकच्या वरच्या बाकांवर चढायला उभी शिडी असते. वन्सं खाली, चालकाच्या मागे बसल्या. जाताना रोख पैसे, विजेरी आणि पाणी न्यावे. खडकांवर शेकडो समुद्रसिंह पडलेले असतात आणि त्यांचा आवाज रात्रभर येतो. १८८१ चे दीपगृह दर काही सेकंदांनी छतावरून प्रकाश फिरवते. बाकी सगळा काळोख. दक्षिण गोलार्धातील आकाशात मृग नक्षत्र उलटे दिसते, हे मी पुस्तकात वाचले होते. तिथे मध्यरात्री वाळूवर उभे राहून ते पाहिले.

२३ तारखेला शनिवारी आम्ही राजधानीत परतलो तेव्हा बस भरलेल्या होत्या, कारण दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची अंतिम फेरी होती आणि इथे मतदान सक्तीचे आहे. लोक आपापल्या नोंदणीच्या गावी निघाले होते. निवडणुकीच्या काळात जाणाऱ्यांनी बसची तिकिटे आधी काढून ठेवावीत. आदल्या रविवारी बाजारात दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते एकाच कोपऱ्यावर उभे राहून पत्रके वाटत होते आणि मधूनच एकमेकांना मातेचे भांडे देत होते. २४ तारखेच्या रात्री यामांदू ओर्सी विजयी झाले. रांब्लावर झेंडे आणि गाड्यांचे भोंगे होते, पण आम्ही दोघी अकरा वाजता निर्धास्तपणे पायी घरी आलो.

२६ नोव्हेंबरला परतीचे विमान होते. मुंबईत उतरल्यावर आरोग्य तपासणीच्या टेबलावर पहिला प्रश्न पिवळ्या पुस्तकाचाच होता. ते नसलेल्या एका प्रवाशाला आमच्यासमोर बाजूला बसवण्यात आले. विमान, व्हिसा, लस, विमा, मुक्काम, जेवण आणि फिरणे धरून आमचा खर्च दरडोई दोन लाख नव्वद हजारांच्या आसपास झाला.

कागदांची ती फाइल मी कपाटात ठेवली आहे. आमच्या गल्लीतील, मामंजींच्याच तालमीकडून खेळणारा एक मुलगा परवा ती पाहायला आला होता. त्याने कागदांच्या यादीचा फोटो काढून घेतला, २०३० ला अजून किती महिने आहेत ते मोजले आणि विचारले, "काकू, बँकेच्या उताऱ्यात साधारण किती शिल्लक दिसायला लागते?" मी त्याला आमचा आकडा सांगितला, आणि उताऱ्यावर शाखेचा शिक्का घ्यायला विसरू नकोस, हेही सांगितले.